फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड : दुसरं नाव घातलं होतं म्हणून निभावलं

आई-बाबा चिपळूणहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे रेडिंगला आले, तेव्हा त्यांना कॉर्नवॉलचा समुद्र दाखवायचा हे मी आधीच ठरवलं होतं. रेडिंगहून सेंट अर्थ, तिथे गाडी बदलून सेंट आइव्हज. आम्ही चार मोठे, लेक १३ वर्षांची आणि धाकटा ९ वर्षांचा. एवढ्या माणसांची इंग्लंडमधली रेल्वेची तिकिटं म्हणजे खिशाला चांगलीच चाट, म्हणून ३५ पाउंडांचं वर्षभराचं फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड घेतलं.

आधी हिशेब सांगते. या कार्डावर मोठ्यांना एक तृतीयांश आणि ५ ते १५ वर्षांच्या मुलांना ६० टक्के सवलत मिळते. एका वेळी चार मोठे आणि चार मुलं चालतात. आमचं मोठ्यांचं एका बाजूचं भाडं ६० पाउंड होतं. मुलांना एरवीही अर्धंच भाडं पडतं, म्हणजे कार्ड नसतं तर सहा जणांचे एका बाजूचे ३०० झाले असते. कार्डावर मोठ्यांचे ४० प्रमाणे १६० आणि मुलांचे २४ प्रमाणे ४८, असे २०८ झाले. जातानाच कार्डाचे पैसे वसूल होऊन वर ५७ पाउंड वाचले. इथवर सगळं सोपं आहे. ठरलेला बेत बदलला की काय होतं, ते मात्र घेताना कुणी विचारात घेत नाही, म्हणून हे लिहितेय.

शनिवारी सकाळी निघायचं होतं. गुरुवारी रात्री धाकट्याला आंघोळ घालताना पाठीवर तीन लाल फोड दिसले. आईने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, ‘अगं, या कांजिण्या आहेत.’ लेकीला लहानपणीच होऊन गेल्या होत्या, त्यामुळे तिची काळजी नव्हती. पण फोडांवर खपली धरेपर्यंत धाकटा घरात, आणि त्याच्याजवळ मी. हॉटेलचे पैसे भरलेले, आई-बाबांचे परतीचे दिवस जवळ आलेले. बाकीच्या चौघांनी जायचं ठरलं.

तेव्हा नियम पुन्हा वाचायला बसले. कार्डावर ज्याचं नाव आहे तो माणूस प्रवासात असलाच पाहिजे आणि सोबत ५ ते १५ वयाचं निदान एक मूल पाहिजे. यातलं एक जरी नसेल तर सवलत कुणालाच नाही, मोठ्यांनाही नाही. कार्ड माझ्या नावावर, आणि मीच जाणार नव्हते! पण अर्ज भरताना दुसऱ्या कार्डधारकाच्या नावाची जागा असते, ती मी रिकामी ठेवली नव्हती. नवऱ्याचं नाव घातलं होतं. रात्री साडेदहाला त्याच्या फोनवर कार्ड उतरवून घेतलं आणि जीव भांड्यात पडला. लेक सोबत असल्यामुळे मुलाची अटही पुरी झाली. तीही आजारी पडली असती तर दुसऱ्या नावाचा काही उपयोग नव्हता. तिघा मोठ्यांना पूर्ण भाडं द्यावं लागलं असतं. म्हणून एकच मूल असलेल्यांनी हे कार्ड घ्यावं जरूर, पण त्या मुलाच्या तब्येतीवर सगळ्यांची सवलत टांगलेली असते हे लक्षात ठेवून.

राहिली माझी आणि धाकट्याची तिकिटं. ती ॲडव्हान्स प्रकारातली, म्हणजे ठरलेल्या दिवशी ठरलेल्याच गाडीची. स्वस्त पडतात, पण आपणच जायचं रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत. गाडी सुटण्याआधी तारीख-वेळ तेवढी बदलता येते, तिकिटामागे १० पाउंडांपर्यंत शुल्क आणि नवं भाडं जास्त असेल तर वरचा फरक भरून. मी ज्या संकेतस्थळावरून तिकिटं काढली तिथे सहाही जण एकाच बुकिंगमध्ये होते आणि ‘बदला’ म्हटलं की सहाही तिकिटं बदलायला निघत. शेवटी फोन केला. पाऊण तास वाट पाहिल्यावर बोलायला आलेल्या बाईंनी मात्र शांतपणे आमची दोघांची वेगळी काढून दिली. जाण्यायेण्याची चार तिकिटं, ४० पाउंड शुल्क, १८ पाउंड फरक. ५८ गेले, पण १२८ पाउंडांची तिकिटं वाचली. हे लांबच्या प्रवासात परवडतं. जवळच्या प्रवासात मुलाचं तिकीटच १० पाउंडांहून कमी असतं, ते बदलत बसू नये.

आता मी अशी तिकिटं दोन बुकिंगमध्ये काढते. प्रत्येकात एक कार्डधारक आणि एक मूल. बेत बदलला तर निम्मं बुकिंग हलवता येतं.

शनिवारी दुपारी आईचा व्हिडिओ कॉल आला. गाडी एक्सेटर सोडून डॉलिशला पोचली होती. तिथे रूळ अगदी समुद्राला खेटून जातात, एका बाजूला लालभडक कडे, मध्येच छोटे बोगदे. २०१४च्या फेब्रुवारीत वादळाने इथली भिंत फोडली होती आणि रूळ अधांतरी लोंबकळत होते. दुरुस्तीला दोन महिने लागले. आई सांगत होती, ‘आपल्या कोकण रेल्वेत समुद्र जवळ असून दिसत नाही गं, बोगदेच बोगदे. इथे पाणी खिडकीला लागेल असं वाटतंय.’ बाबा मागून ओरडले, ‘डावीकडे बसायला सांग तिला, आली की!’ रेडिंगहून जाताना खरोखर डावीकडच्याच जागा घ्या.

तीन आठवड्यांनी मी आणि धाकटा गेलो. कार्ड माझ्या नावावर, सोबत मूल, सवलत कायम. सेंट अर्थहून सेंट आइव्हजची छोटी गाडी जेमतेम पाव तास चालते, पण त्या पाव तासात तो उजवीकडच्या खिडकीला नाक लावून बसला होता. कपाळावर एका फोडाचा डाग अजून होता.

लहान मुलं किंवा वयस्कर माणसं सोबत असतील तर ऑफ-पीक रिटर्न (गर्दीची वेळ सोडून चालणारं जाण्यायेण्याचं तिकीट) आणि ॲडव्हान्स यांची तुलना करा. ऑफ-पीक रिटर्नवर महिनाभरात कुठल्याही दिवशी परतता येतं आणि अजिबात न वापरलेलं तिकीट प्रवासाच्या दिवसाआधी जास्तीत जास्त ५ पाउंड कापून परत करता येतं. त्यावरही कार्डाची सवलत मिळते. लंडनच्या आसपास सोमवार ते शुक्रवार सकाळच्या गर्दीच्या वेळात मात्र हे कार्ड चालत नाही.

कार्डाला माझे पाचपैकी पाच, ॲडव्हान्स तिकिटांना तीन. धाकटा १६चा व्हायला अजून वेळ आहे, तेव्हा या वेळी तीन वर्षांचं कार्ड घेतेय. दुसऱ्या नावाची जागा सगळ्यात आधी भरली.