सात महिने पाण्यात धावल्यावर: दम टिकला, पोटऱ्या विसरल्या

नडगीच्या हाडाला बारीक तडा गेलाय हे कळलं तेव्हा मी अर्धमॅरेथॉनच्या तयारीच्या नवव्या आठवड्यात होते. डॉक्टरांनी आठ आठवडे धावणं बंद केलं आणि सोबत फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. त्या बाईंनी पहिलाच प्रश्न केला, "पोहता येतं का?" म्हटलं, जेमतेम. "मग बरंच झालं. पोहू नका. चालताना दुखायचं थांबलं की पाण्यात धावा."

मला आधी वाटलं, समजूत काढतायत. गुडघे धरलेल्या काका-मावशींना छातीभर पाण्यात फेऱ्या मारताना पाहिलं होतं, तेच काहीतरी असणार. पण त्या म्हणत होत्या तो प्रकार वेगळा. खोल बाजूला जायचं, कंबरेला तरंगण्याचा पट्टा बांधायचा आणि पाय तळाला न लावता, खांदे पाण्याच्या जरा वर ठेवून धावायचं. इंग्रजीत डीप वॉटर रनिंग किंवा अ‍ॅक्वा जॉगिंग म्हणतात. पाय कशावरच आपटत नसल्यामुळे हाडाला धक्का बसत नाही. कंबरेपर्यंतच्या पाण्यात शरीराचं साधारण निम्मं वजन पायांवर येतं, छातीपर्यंत गेलात तर तिसरा हिस्सा, मानेपर्यंत जेमतेम दहावा. खोल पाण्यात पट्ट्यावर तरंगत असताना पायांवर काहीच येत नाही.

पहिल्या दिवशीचा फजितीचा भाग सांगून टाकते. मी जीव तोडून पाय मारत होते आणि जागच्या जागी होते. शेजारच्या लेनमधला सात-आठ वर्षांचा मुलगा थांबून बघत राहिला आणि काळजीने म्हणाला, "काकू, तुम्ही बुडताय का?" नाही म्हटल्यावर पुढचा प्रश्न आला, "मग पुढे का जात नाही?" त्याचं निरीक्षण बिनचूक होतं. पण पुढे जाणं हा इथे मुद्दाच नाही, हे माझ्या डोक्यात शिरायला तीन आठवडे लागले. तोवर मी 25 मीटर कापायच्या नादात पुढे वाकत होते, हाताचे पंजे वल्ह्यासारखे मारत होते आणि पायांनी सायकल चालवत होते. अंतर पटकन कापलं जायचं, व्यायाम मात्र धावण्याचा होत नव्हता. कुत्रा पोहतो तसं काहीतरी चाललं होतं.

फिजिओबाई एकदा स्वतः तलावाच्या काठावर येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा ते सुटलं. पाठ सरळ ठेवायची आणि झुकायचं असेल तर कंबरेतून न वाकता अख्खं शरीर किंचित पुढे न्यायचं. गुडघा समोर उचलायचा आणि मग पाय खाली-मागे असा न्यायचा, जणू तळव्याने फरशी पुसतोय. मुठी सैल मिटायच्या, म्हणजे हातांनी पाणी ओढायची चोरी करता येत नाही. कोपर मागे जाऊ द्यायचं. एवढं केल्यावर माझा पुढे सरकायचा वेग निम्म्यावर आला आणि दम दुप्पट लागायला लागला. बरोबर चाललंय हे त्यावरूनच कळलं.

दम लागतो याचं कारण साधं आहे. पाणी हवेच्या सुमारे 800 पट घन असतं आणि वेग दुप्पट केला की त्याचा विरोध जवळपास चौपट होतो. म्हणजे व्यायाम किती कठीण करायचा याची किल्ली तुमच्याच पायांत. हळू हलवलंत तर आराम, जोरात हलवलंत तर भिंत. जमिनीवर माझी पावलं मिनिटाला 170 च्या आसपास पडतात, ती पाण्यात पडणं शक्यच नाही. मी 30 सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर येतो ते मोजायचे. सुरुवातीला 26, चौथ्या महिन्यात 36. माझ्यासाठी प्रगतीची खरी नोंद हीच.

कारण घड्याळावर विसंबून भागत नाही. मनगटावरचं घड्याळ पाण्यात ठोक्यांचे आकडे मनाला येईल तसे दाखवतं. छातीच्या पट्ट्याचा ब्लूटूथ सिग्नल पाण्यातून मनगटापर्यंत नीट पोचत नाही. आणि आकडा बरोबर आला तरी तो जमिनीवरच्या आकड्याशी जुळत नाही. पाण्याच्या दाबामुळे पायांतलं रक्त छातीकडे ढकललं जातं, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुढे पाठवतं, त्यामुळे तेवढ्याच कष्टाला ठोके मिनिटाला साधारण 10 ते 15 कमी पडतात. मला हे माहीत नव्हतं. 160 गाठायच्या हट्टापायी एक दिवस इतकं पळाले की शिडी चढून वर यायला हात थरथरत होते. त्यानंतर आकडे सोडले. बोलता येतंय का, तुटक बोलता येतंय का, की एकही शब्द निघत नाही, एवढ्यावर चालवलं.

त्याच दाबाचा एक फायदा मात्र मला अपेक्षित नव्हता. खोली एक मीटरने वाढली की दाब पाऱ्याच्या सुमारे 74 मिलिमीटरइतका वाढतो, म्हणजे रक्तदाब मोजताना दिसणाऱ्या खालच्या आकड्याच्या जवळपास. उभ्याने धावताना घोटे सगळ्यात खाली असतात, त्यामुळे सर्वांत जास्त दाब त्यांच्यावर. माझा घोट्याजवळचा भाग संध्याकाळी सुजायचा, तो पाण्यातून आल्यावर चपलेत सैल वाटायचा. रात्री काही वेळा पुन्हा यायची सूज, पण कमी.

आता पट्ट्याबद्दल, कारण विकत घ्यायची वस्तू खरी तेवढीच. पहिला घेतला त्याला फक्त पाठीमागे फोमचा चौकोनी ठोकळा होता. तो पाठीला वर उचलतो आणि तोंड पाण्याकडे झुकवतो, सरळ राहायला सतत झगडावं लागतं. महिन्याभरात बदलला. दुसरा मागे जाड आणि बाजूंना निमुळता होत पोटापर्यंत येणारा. फरक पहिल्याच मिनिटाला कळला. बांधताना श्वास सोडून आवळायचा, कोरडा असताना दोन बोटं जेमतेम जातील इतका, कारण ओला झाला की पट्टी सरकते आणि अख्खा पट्टा बरगड्यांवर चढून बसतो. पाचव्या महिन्यात क्लोरीनमुळे पट्टी कडक होऊन मुरडली आणि बक्कल धरेना. मी शेपटीला गाठ मारून चालवतेय. फोम मात्र जसाच्या तसा आहे. प्रत्येक वेळी साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवते. हेच पहिल्यापासून केलं असतं तर पट्टीही टिकली असती कदाचित. काखेत आणि पट्ट्याच्या कडेला त्वचा सोलवटते, तिथे व्हॅसलीन लावा. हे कोणी आधी सांगत नाही.

कंटाळा येतो का? येतो, भयंकर. समोर तीच भिंत, तीच टाइल, वर तोच पत्रा. पहिले काही दिवस 40 मिनिटं एकसारखी धावले आणि बाराव्या मिनिटाला घरी जावंसं वाटायचं. मग तुकडे केले. दहा मिनिटं हळू, मग दोन मिनिटं जोरात आणि एक मिनिट सैल असं आठ वेळा, शेवटी पाच मिनिटं हळू. कधी 1, 2, 3, 4, 3, 2, 1 मिनिटांची चढउतार, मध्ये फक्त 30 सेकंद. पाण्यात ठोके पटकन खाली येतात, म्हणून विश्रांती जमिनीपेक्षा कमी ठेवावी लागते, नाहीतर अंग थंड पडतं. तुकड्यांमुळे कंटाळा गेला असं नाही, पण मोजायला काहीतरी मिळालं.

आठ आठवड्यांनंतरच्या तपासणीत हाड भरून आलेलं दिसलं. एक मिनिट धावा, चार मिनिटं चाला, असं सुरू करायला सांगितलं. आणि इथे मी चुकले. आठवड्यातले पाच दिवस पाण्यात जीव काढल्यामुळे दम अगदी शाबूत होता, किंबहुना आधीपेक्षा बरा. जिने चढताना श्वास लागत नव्हता. दुसऱ्याच आठवड्यात, छान वाटतंय म्हणून, सलग 25 मिनिटं धावले. हाडाला काही झालं नाही. पोटऱ्यांनी मात्र असा संप पुकारला की तीन दिवस जिना उलटा उतरत होते. फिजिओबाई चिडल्या. त्यांचं म्हणणं असं: पाण्यात स्नायू फक्त आखडून ढकलतात. जमिनीवर प्रत्येक पाऊल टेकताना ते ताणले जात असताना ब्रेक मारतात, टाचेमागची शीर स्प्रिंगसारखी वापरली जाते. यातलं काहीच पाण्यात होत नाही. म्हणूनच पाण्यातल्या कष्टाने दुसऱ्या दिवशी अंग फारसं दुखत नाही, आणि म्हणूनच पोटऱ्या जमीन विसरतात. हाडांचंही तेच, धक्का नाही तर हाड बळकट व्हायला कारण नाही.

1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चांगला सराव असलेल्या 11 धावपटूंनी चार आठवडे फक्त खोल पाण्यात धावून पाहिलं, आणि त्यांच्या 5 किलोमीटरच्या वेळेत लक्षणीय फरक पडला नाही. हे वाचून मला आधी फार बळ आलं होतं. आजही तो आकडा खरा मानते, फक्त चार आणि आठ आठवड्यांमधलं अंतर मी विसरले होते.

दुखायचं काहीच नाही असंही नाही. जांघेच्या पुढचे स्नायू, गुडघा वर उचलणारे, पहिले दोन आठवडे चांगलेच धरले होते. जुनं कंबरेचं दुखणं असेल तर पाण्यात पाठीची कमान होत नाही ना हे कोणाकडून तरी बघून घ्या. जखम किंवा टाके ओले असतील तर पाण्यात उतरूच नका. हृदयाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारा, कारण रक्त छातीकडे ढकललं जाणं हा त्यांच्यासाठी वेगळाच विषय आहे. पोहता येत नसेल तर पट्टा असूनही एकट्याने खोल पाण्यात जायचं नाही, जीवरक्षक हजर असेल तेव्हाच.

सध्या चार दिवस जमिनीवर धावते आणि दोन दिवस पाण्यात. लांब धावण्याच्या दुसऱ्या दिवशी पाय जड असतात, तेव्हा पाणी बरं वाटतं. मधे दोनदा पट्टा काढून धावून पाहिलं. दम जास्त लागतो, पण तोंड वर ठेवायच्या धडपडीत हात पुन्हा वल्ही मारायला लागतात, म्हणून पट्टा लावूनच धावते. तो मुलगाही अजून येतो. परवा काठावर बसून माझे गुडघे मोजत होता. त्याचे 34 झाले, माझे 35. बराच वेळ वाद घातला आम्ही.