साक्षर कोणाला म्हणायचं: जनगणनेची व्याख्या की युनेस्कोची?

जनगणनेच्या लेखी सात वर्षांची किंवा त्याहून मोठी जी व्यक्ती कोणत्याही एका भाषेत समजून वाचू-लिहू शकते, ती साक्षर. शाळेत गेलेलं असण्याची अट नाही. २०११ मध्ये महाराष्ट्रात ८२ टक्क्यांहून अधिक लोक या मापात बसले. पण प्रगणक काही वाचून घेत नाही, घरच्यांच्या उत्तरावर विसंबतो. हे मला फार खटकतं.

युनेस्कोची १९७८ची कार्यात्मक साक्षरता वेगळं विचारते: वाचन, लेखन आणि हिशेब रोजच्या व्यवहारात वापरता येतात का? पीकविम्याचा अर्ज, औषधाच्या पाकिटावरची मुदत, बँकेचा ओटीपी. मोजायला अवघड, खर्चिकही. तरी प्रौढांचे वर्ग आखताना मी हीच धरेन. राज्याराज्यांची तुलना करायची तर पहिली पुरते.