मराठी विकिपीडियावर लिहिण्याची सोय: एका नर्सचं मत

विकिपीडिया वाचायला कसा आहे हे सगळ्यांना माहीत आहे. मी लिहिणार आहे ते दुसऱ्या बाजूबद्दल. आपल्याला जे येतं ते मराठीत तिथे घालायचं झालं, तर ही सेवा किती साथ देते आणि कुठे अडते? मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. जुलाब, ताप, लसी हे रोजचं काम, त्यामुळे मी हात घातला तोही याच विषयांना.

निकाल आधीच सांगून टाकते. साधनं चांगली आहेत. नियमही बहुतेक शहाणे आहेत. कमी आहेत ती माणसं, आणि त्यातही आपापल्या कामातली जाणकार माणसं.

टायपिंगची भीती बऱ्याच जणांना असते, ती काढून टाका. संगणकावर संपादनाच्या चौकटीत क्लिक केलं की कोपऱ्यात कीबोर्डचं छोटं चिन्ह येतं. तिथून लिप्यंतर (इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवणं) किंवा इनस्क्रिप्ट (मराठी कीबोर्डची मांडणी) निवडायचं, वेगळं काही डाउनलोड करावं लागत नाही. कंट्रोल आणि एम एकत्र दाबलं की मराठीतून इंग्रजीत आणि परत मराठीत येता येतं. फोनवर तर फोनचाच मराठी कीबोर्ड चालतो, बोलून टाइप केलं तरी चालतं. सरावासाठी 'धूळपाटी' नावाचं पान आहे. तिथे काय वाट्टेल ते खरडा, कुणाचं काही बिघडत नाही.

आता मूळ मुद्दा. मुलाला जुलाब लागले की त्याची आई विचारते, "सिस्टर, पाणी द्यायचं की बंद करायचं?" द्यायचंच असतं, पण कसलं आणि किती मिठाचं, यावर सगळं अवलंबून. घरी करायचं असेल तर एक लिटर स्वच्छ पाणी, चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. पाकिटातलं, म्हणजे ओआरएस, मिळालं तर ते उत्तमच. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये त्याचं सूत्र बदलून मीठ आणि ग्लुकोज दोन्ही कमी केलं. आता एका लिटरसाठीच्या पाकिटात १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. मीठ जास्त झालं तर रक्तातलं सोडियम वाढतं आणि लहान मुलाला झटके येऊ शकतात. अंदाजपंचे चालण्यासारखी ही गोष्टच नाही.

हीच माहिती व्हॉट्सअ‍ॅपवरही फिरते. ती कुणी लिहिली, कधी लिहिली, कुठून घेतली, काही कळत नाही. चुकीची निघाली तरी दुरुस्त करायची सोय नाही, ती पुढे जातच राहते. विकिपीडियावर त्या अर्ध्या चमच्याच्या पुढे संदर्भाचा आकडा देता येतो आणि वाचणारा मूळ कागद स्वतः उघडून बघू शकतो. 'इतिहास' उघडला की प्रत्येक बदल दिसतो: डावीकडे जुना मजकूर, उजवीकडे नवा, बदललेले शब्द रंगवलेले. समजा, कुणी 'अर्धा' काढून 'दोन' केलं. ते तिथे लख्ख दिसतं आणि लगेच उलटवता येतं. लेखाच्या वरच्या चांदणीच्या चिन्हावर क्लिक करून ठेवलं, म्हणजे चांदणी लावली, की त्यातले बदल तुमच्या यादीत येत राहतात. ही व्यवस्था मला मनापासून आवडते. आमच्या कामातही प्रत्येक डोसची नोंद, वेळ आणि सही असते, आणि ती का असते हे मला पुरेपूर माहीत आहे.

पण चांदणी लावायला माणूस लागतो. इंग्रजीत आरोग्याच्या मोठ्या लेखावर शेकडो डोळे असतात. मराठीत तसं नाही. म्हणून ज्याला विषय कळतो त्याने निदान पाच लेखांवर लक्ष ठेवावं असं मला वाटतं. नवा लेख लिहिण्याइतकंच हे काम मोलाचं आहे.

विकिपीडियावर दुसऱ्या भाषेतला लेख मराठीत आणायचं भाषांतराचं साधनही आहे, ते २०१५ मध्ये चाचणी स्वरूपात आलं. एका बाजूला मूळ लेख, दुसऱ्या बाजूला आपला, परिच्छेद परिच्छेद करत जायचं. यंत्राने केलेला कच्चा मजकूर समोर येतो, तो आपण सुधारायचा. फार काही न बदलता प्रकाशित करायला गेलात तर साधन हटकतं, आणि ते योग्यच आहे. यंत्राचं वाक्य वरवर ठीक दिसतं, पण औषधाच्या मात्रेचं वाक्य वरवर ठीक असून भागत नाही. तक्ते आणि चौकटींचा मात्र त्रास होतो. त्यांचा साचा (तयार नमुना) मराठीत आधीपासून नसेल तर त्या धडपणे येत नाहीत. मी तो तक्ता सोडून देते आणि महत्त्वाचे आकडे सरळ वाक्यात लिहिते.

या साधनाचा मोह किती महागात पडू शकतो हे दुसऱ्या भाषांकडे पाहून कळतं. २०२० मध्ये उघड झालं की स्कॉटलंडमधल्या स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियावरचे हजारो लेख ती भाषा नीट न येणाऱ्या एका अमेरिकी मुलाने लिहिले होते. फिलिपिन्समधल्या सेबुआनो भाषेच्या विकिपीडियात साठ लाखांहून जास्त लेख आहेत, त्यातले बहुतेक एका बॉटने, म्हणजे आपोआप चालणाऱ्या संगणकीय प्रोग्रामने, तयार केलेले. आकडा डोळ्यांत भरतो, पण त्या भाषेत बोलणाऱ्या आईला त्यातून काय मिळालं? मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, आणि त्याच्या लेखसंख्येवर चर्चा होते तेव्हा मला हेच विचारावंसं वाटतं. दहा कोरे लेख नकोत, एकच लेख असा हवा की जो वाचून घरातल्या माणसाला रात्री दोन वाजता काय करायचं ते समजेल.

संदर्भाच्या नियमाबद्दल माझं मत दोन प्रकारचं आहे. छापील किंवा प्रकाशित आधाराशिवाय काही लिहायचं नाही, हा नियम औषधपाण्याच्या बाबतीत शंभर टक्के बरोबर. पण एखाद्या बाईला बियाणं कसं राखायचं ते येतं, कुणाला वाद्य कसं मढवायचं ते येतं, आणि त्यावर कुणी कधी पुस्तक लिहिलेलं नाही. तिथे हाच नियम त्या माणसांना दाराबाहेर ठेवतो. २०११ मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेत मौखिक संदर्भांचा प्रयोग झाला होता. गावातल्या लोकांशी बोलून ते रेकॉर्ड करायचं आणि तो आवाजच संदर्भ म्हणून द्यायचा. ती वाट पुढे रुळली नाही, आणि ते फार चुकलं असं मला वाटतं. ज्या भाषांत छापलेलं थोडं आहे त्यांचं ज्ञान यायचं कुठून? तोवर निदान रेकॉर्डिंग करून ते मुक्त परवान्याखाली विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे चित्रं आणि आवाजांच्या सामायिक साठ्यात, चढवता येतं.

मदतपानांची मराठी जड आहे. 'पुनर्निर्देशन' (एका नावावरून दुसऱ्या पानावर नेणं), 'प्रचालक' (जादा अधिकार असलेले सदस्य) असले शब्द नव्या माणसाला दबकवतात. अडलं तर 'चावडी' नावाच्या चर्चेच्या पानावर विचारा, तिथे साध्या भाषेत विचारलं तरी चालतं. आणखी एक गोष्ट आधीच ठाऊक असू द्या: पैसे मिळत नाहीत, लेखावर नाव येत नाही, तुमचा मजकूर कुणीही श्रेय देऊन वापरू शकतो, धंद्यासाठीसुद्धा. पाठ्यपुस्तकातला परिच्छेद जसाच्या तसा टाकायलाही मनाई आहे, तो आपल्या शब्दांत लिहावा लागतो.

ड्यूटी संपल्यावर लेख लिहायचं त्राण उरत नाही, असं माझ्या मैत्रिणी म्हणतात. त्यांना मी आकृत्यांचं काम सुचवते. कॉमन्सवर हृदयाच्या कप्प्यांच्या, कानाच्या, फुप्फुसांच्या आकृत्या आहेत, पण कितीतरींवरची नावं इंग्रजीतच आहेत. एसव्हीजी ट्रान्सलेट नावाच्या साधनात अशी आकृती उघडली की नावांची यादी येते, समोर रिकामे रकाने असतात. चित्र काढावं लागत नाही. 'डावी जवनिका', 'महारोहिणी' असं रकान्यांत भरत जायचं आणि आकृती मराठीत तयार. ज्यांनी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला ही नावं पाठ केली आहेत त्यांना हे चहा पिता पिता जमण्यासारखं आहे.