जिन्यासाठी आणलेली घडीची शिडी: आठ महिन्यांनंतर

गेल्या दसऱ्याच्या आधी पुण्याच्या बोहरी आळीतून घडीची शिडी आणली, आता जून लागलाय. म्हणजे दिवाळीची साफसफाई, रंगकाम आणि पावसाळ्याआधीची गच्ची, सगळं तिच्यावर करून झालंय. घ्यावी की नाही असं आतापर्यंत तिघा-चौघांनी विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

आमचं धायरीत दुमजली रो-हाऊस आहे. शिडी घेण्याचं कारण एकच, जिन्यावरचा दिवा. तो गेला की वायरमनला फोन, मग त्याचं "संध्याकाळी येतो", मग तीन दिवस अंधारात चाचपडत चढउतार. दुकानदाराने बिजागऱ्यांचे खटके टकाटक लावत शिडीचा घोडा (मधोमध दुमडून, दोन्हीकडे पाय फाकवून आधाराशिवाय उभी) करून दाखवला, सरळ करून दाखवली, फळी टाकून दाखवली आणि वर म्हणाला, "जिन्यावरपण उभी राहते, साहेब." दुकानात जिना नव्हता. तिथेच मला शंका यायला हवी होती.

माझी शिडी चार भागांची, प्रत्येक भागाला 4 पायऱ्या. सरळ उघडली की साडेपंधरा फूट, घोडा केला की साडेसात, मिटली की सव्वाचार. वजन 15 किलो. पत्र्याच्या दोन फळ्या धरून 9,500 रुपये पडले. रिक्षात आडवी घातली तर एक टोक बाहेर राहिलं, त्यामुळे सिंहगड रस्त्यावर रिक्षावाल्याने आरशात कमी आणि शिडीकडे जास्त पाहिलं.

आता जिन्याचं. घोडा जिन्यावर उभा करायचा तर वरच्या पायरीवरचा पाय आखूड हवा आणि खालचा लांब. पण या शिडीच्या प्रत्येक भागाची लांबी ठरलेली. एक बाजू आखूड करायची तर अख्खा भाग दुमडावा लागतो, म्हणजे एकदम जवळपास 4 फुटांचा फरक. आमची पायरी 7 इंचांची, म्हणजे दोन पायांत सातेक पायऱ्यांचं अंतर पडणार. मधली बिजागरी ठरलेल्या कोनातच अडकते, तेवढी ती फाकतच नाही. जिन्यावर खरोखर उभी राहते ती वेगळी जात. तिच्या दांड्या एकात एक सरकतात आणि दोन्ही बाजू एकेका पायरीने कमीजास्त होतात. दिसायला दोन्ही सारख्याच, म्हणून माणूस फसतो. जिन्यासाठीच घेत असाल तर दुकानात एवढंच विचारा: दोन्ही बाजूंची उंची वेगवेगळी ठेवता येते का?

सरळ करून भिंतीला टेकवायचंही करून पाहिलं. शिडी जितक्या उंचीवर टेकते त्याच्या पाव अंतरावर तिचा पाय हवा. 15 फुटांवर टेकवायची तर पावणेचार फूट जागा लागते, आणि आमच्या जिन्यातलं लँडिंग आहे 3 फुटांचं. तेवढ्यात उभी केली तर सरळसोट खांब होतो. दोन पायऱ्या चढलो आणि गुपचूप उतरलो.

म्हणजे पैसे पाण्यात? तसंही नाही. स्वयंपाकघराच्या छज्ज्यावर भिंतीच्या भेगेत पिंपळाचं रोप आलं होतं. साधी शिडी लावली तर छज्जा मध्ये येतो. हिचा वरचा भाग भिंतीकडे वाकवून खटका लावला की शिडी छज्ज्याच्या बाहेरून जाते आणि वर भिंतीला टेकते. खाली बाबा धरून उभे, मी वर. रोप मुळासकट काढलं आणि भेग सिमेंटने बुजवली. हे काम घोड्यावर झालंच नसतं. दिवाळीआधी हॉल रंगवला तेव्हा फळीचा उपयोग झाला. जमिनीपासून साधारण 4 फुटांवर आडवी फळी, हातात रोलर, दर दोन फुटांवर खाली उतरून घोडा सरकवायची कटकट नाही.

बाकी वेळी मात्र ती घोडाच असते. आणि घोडा म्हणून ती मला आवडत नाही. पायऱ्या दोन बोटं रुंद. दहा मिनिटं पंखा पुसत उभं राहिलं की तळव्यांच्या मध्ये कळ येते. वर धरायला काही नाही, त्यामुळे वरच्या दोन पायऱ्या मी वापरतच नाही, आणि कुणी वापरू नयेत. आईने पहिल्याच दिवशी एकदा शिडीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं आणि माळ्यावरचे डबे काढायला आपलं जुनं लाकडी स्टूल ओढलं. ते स्टूल अजून तिथेच आहे.

खटक्यांबद्दल जरा थांबून सांगतो. एकूण सहा बिजागऱ्या. जानेवारीत गच्चीवर टाकीच्या बाजूला शिडी लावली, एका बाजूचा खटका बसला, दुसऱ्या बाजूचा अर्धवट राहिला. दुसऱ्या पायरीवर असताना शिडी बोटभर खचली. पडलो नाही, पण घशाला कोरड पडली. तेव्हापासून शिडी जमिनीवर आडवी ठेवूनच उघडतो आणि सहाच्या सहा बिजागऱ्या हाताने चाचपून मगच उभी करतो. बिजागरीच्या फटीत बोटही एकदा सापडलंय, नख महिनाभर काळं होतं. एका वळवाच्या पावसात बाहेर राहिली तर लोखंडी खटक्यांवर गंजाचे ठिपके आले, ते शिवणयंत्राच्या तेलाने गेले. आणि ती अॅल्युमिनियमची आहे हे विसरू नका. विजेचं काही करायचं तर आधी खालून एमसीबी पाडा, म्हणजे वीज बंद करा. उघड्या तारांजवळ तर ती नेऊच नका.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. नऊ-दहा फुटी छताला वर पाय ठेवायला चौकोनी फळी आणि धरायला दांडी असलेला साधा घरगुती घोडा पुरतो, तो हलकाही असतो. बंगला, रो-हाऊस, स्वतःची गच्ची असेल तर घ्या, पण माझ्यासारखी 16 पायऱ्यांची नको. 12 पायऱ्यांची पुरे. 15 किलो घेऊन जिना चढायचा म्हणजे कामाआधीच दम लागतो. शिवाय खालच्या आडव्या पट्ट्यांमुळे ती कपाटामागे मावत नाही, आमच्याकडे तिचा मुक्काम कायम स्कूटरशेजारी.

जिन्यावरचा दिवा मार्चमध्ये पुन्हा गेला. वायरमन आला, वर पाहिलं, शिडीकडे पाहिलं आणि म्हणाला, "दिवा खाली भिंतीवर घेऊ ना." तासाभरात वायरची पट्टी मारून त्याने दिवा बाजूच्या भिंतीवर आणला. आता पाचव्या पायरीवर उभं राहिलं की हात पोहोचतो.