नर्सरीतले गुलाब: बेळगावचा अख्खा पावसाळा काढल्यावरचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर नर्सरीतून गुलाबाची रोपं घेतली होती, आता पुढची दिवाळी तोंडावर आलीय म्हणून लिहायला बसले. आधीच सांगते, रोप आणल्यावर महिन्याभरात फुलं आली म्हणून फाइव्ह स्टार देणाऱ्यांचं काही मनावर घेऊ नका. ती फुलं नर्सरीच्या खतावर आलेली असतात. आपल्याकडं गुलाबाचा खरा निकाल जून ते सप्टेंबर लागतो. पुण्या-नाशिकच्या लोकांचे व्हिडिओ बघून घेतलेल्या जाती इथं टिकतीलच असं नाही, आणि आमच्याहून जास्त पावसाच्या खानापूरकडच्यांनी तर त्याहून जपून घ्यावं.

घेतलेल्या जाती काय तर ग्लॅडिएटर, आइसबर्ग, डबल डिलाइट, 'पीस' नावाचा एक, आणि बुकेवाल्यांकडं असतो तसला लाल ताजमहाल. सगळे डोळा भरलेले (म्हणजे जंगली गुलाबाच्या खुंटावर चांगल्या जातीचं कलम केलेले), गच्चीवर कुंडीत.

पिशवी फाडली की पहिला धक्का तिथंच बसतो. आत लाल चिकणमातीचा गोळा, विटेसारखा घट्ट. वरून पाणी घातलं की कडेनं खाली निघून जातंय, कुंडीची माती ओली दिसते खरं गोळ्याच्या आत मुळं कोरडीच. निम्मी रोपं "आणली आणि वाळली" होतात ती यामुळंच असं माझं मत. मी गोळा बादलीत भिजत ठेवला, बाहेरची माती बोटानं हळूहळू सोडवली आणि मग माती, शेणखत, थोडी वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड अशा मिश्रणात लावलं. डोळा भरलेला सांधा मातीच्या वर ठेवायचा, तो पुरला की खालून जंगली फुटवे आले तरी कळत नाहीत. नर्सरीतल्या अण्णांनी निघताना एवढंच सांगितलं, "नीरु भाळ हाकब्याड्री" (पाणी जास्त घालू नका), आणि तेवढं मात्र शंभर टक्के बरोबर निघालं, कुंडीची वरची माती सुकल्याशिवाय पाणी घालतच नाही.

पीसची गंमत ऐका. पीस म्हणजे पिवळं फूल, कडेला गुलाबी झाक. आमच्याकडं फुललं ते सरसकट गडद गुलाबी. नर्सरीत फोन केला तर म्हणे, "हवेनं कलर बदलतो मॅडम." हवेनं कलर थोडाफार फिका-गडद होतो हो, जात बदलत नाही! तेव्हापासून लेबलवर भरवसा नाही, फूल असलेलंच रोप उचलायचं. मात्र फुलाला भुलायचं नाही, खाली वाकून सांधा बघायचा, सांध्याच्या वर किमान दोन-तीन जाड हिरव्या फांद्या पाहिजेत. एकच काडी आणि तिच्या टोकाला मोठं फूल असेल तर सोडून द्या.

उन्हाळ्यात त्याच "पीस"ला बुडातून एक फांदी सरसर वर आली. शेजारच्या काकू खुश, "काय जोरात वाढुलालंय बघ!" बघितलं तर ती सांध्याच्या खालून, म्हणजे खुंटाची. अशी फांदी वरून कापायची नाही, माती बाजूला करून बुडातून ओढून काढायची, नाहीतर वरचं कलम उपाशी मरतंय. सात पानांची ती जंगली असं लोक सांगतात, खरं चांगल्या जातींनाही सात पानं येतात, त्यामुळं पानं मोजत बसू नका, फांदी निघते कुठून ते बघा. मार्च-एप्रिलात लाल कोळी ही बारीक कीड आली, पानाच्या खालच्या बाजूला बारीक जाळी. पाइपनं पानांच्या खालून जोरात पाणी मारत राहिले, आटोक्यात आली.

मग पावसाळा. काळ्या ठिपक्याची बुरशी रुजायला पान सलग सातेक तास ओलं राहावं लागतं म्हणतात, आणि आपल्याकडं जुलैत पान वाळतंय कधी? डबल डिलाइट गणपतीपर्यंत नुसत्या काड्या. हिवाळ्यात काय फूल होतं त्याचं, आत मलई रंग आणि कडेनं लाल, वास तर जिन्यापर्यंत! तो लाल रंग उन्हावर चढतो, त्यामुळं जुलैतलं फूल जवळजवळ पांढरट. ताजमहाल ऑगस्टमध्ये गेला, शेंड्याकडून काळा पडत खाली आला. पॉलीहाऊसमधली जात उघड्या गच्चीवर दुसरं काय करणार. आइसबर्गवरही ठिपके पडले खरं तो पानं टाकतोय आणि नवी काढतोय, फुलायचं काही थांबवत नाही. ग्लॅडिएटर सगळ्यात दणकट, पावसात कळ्या न उघडता कुजल्या तेवढंच.

फवारणी म्हणाल तर कार्बेन्डाझिम-मॅन्कोझेब एकत्र असलेली बुरशीनाशक पावडर, लिटरला २ ग्रॅम, पुढच्या वेळी कॉपर ऑक्सिक्लोराइड हे दुसरं बुरशीनाशक, असं आलटून पालटून. स्टिकर (औषध पानाला चिकटवून ठेवणारं द्रव) मिसळायचंच, नाहीतर तासाभरात सगळं गटारात. उघडीप बघून मारायचं, पानाच्या खालच्या बाजूलाही, आणि गळलेली पानं रोज उचलायची. हे शेवटचं काम सगळ्यात कंटाळवाणं, खरं औषधाइतकंच तेही लागतंय.

दसऱ्याला छाटणी केली, बाहेरच्या बाजूच्या डोळ्यावर तिरका काप, कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर हे प्रमाण, घरी चिमटीनं करा). छाटणीनंतर ४०-४५ दिवसांत फूल येतं, म्हणजे नोव्हेंबर अखेर.

परत घ्यायचं झालं तर ग्लॅडिएटर आणि आइसबर्गच घेईन, तेही पाऊस संपल्यावर, मे महिन्यातल्या सेलमध्ये अजिबात नाही. डबल डिलाइटला नवे फुटवे आलेत, ते कुंडीसकट बैलहोंगलच्या आत्याकडं पाठवतेय, तिकडं पाऊस कमी.