अलाइनमेंटचा रकाना ठेवायचा की उडवायचा? आरपीजी रचणाऱ्यांसाठी एक तुलना

स्वतःची आरपीजी (खेळाडूने एखादं पात्र होऊन खेळायचा गेम) रचताना, मग ती टेबलावरची असो की कॉम्प्युटरवरची, एका ठिकाणी हमखास घोडं पेंड खातं: पात्राचा बरेवाईटपणा नियमांत मांडायचा कसा? 'अलाइनमेंट' म्हणजे पात्राच्या नैतिक कलाचं लेबल, त्याच्या नऊ चौकटी घ्यायच्या, मीटर लावायचं, शपथा घालायच्या, की नोंदच न ठेवता परिणामांवर सोडून द्यायचं? माझा कल आधीच सांगून टाकतो. जी नोंद ठेवाल ती गेममध्ये वाचणार कोण, हे पहिल्यांदा ठरवा. नियम वाचतील, गेममधली माणसं वाचतील किंवा खेळवणारा वाचेल. कुणीच वाचणार नसेल, तर तो रकाना शोभेचा आहे आणि त्यावरून होणारे वाद मात्र खरे असतील.

तुलना हवेत राहू नये म्हणून एकच प्रसंग सगळ्या पद्धतींतून काढून बघू. पार्टीने, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीने, शत्रूचा हेर पकडलाय. "सगळं सांगितलंस तर जिवंत सोडू," असा शब्द एका पात्राने दिला. हेराने सगळं सांगितलं. आता त्याला सोडलं तर तो उजाडायच्या आत छावणी गाठणार, आणि मग पुढच्या गावाचं काही खरं नाही. बरोबर न्यायला वेळ नाही. ज्याने शब्द दिला त्यानेच हेराचा गळा चिरला. गाव वाचलं.

नऊ चौकटी

टेबलावरचा डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) १९७४ मध्ये आला तेव्हा चौकटी तीनच होत्या: लॉ (सुव्यवस्था), न्यूट्रॅलिटी (तटस्थता) आणि केऑस (अनागोंदी). तो चांगल्या-वाईटाचा निवाडा कमी आणि विश्वाच्या लढाईत तुम्ही कुठल्या बाजूचे, याची खूण जास्त होती. १९७७ च्या बेसिक संचात त्या पाच झाल्या आणि १९७८ च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये गुड-इव्हिलचा (चांगल्या-वाईटाचा) दुसरा अक्ष जोडून आज मीम्समुळे सगळ्यांना ठाऊक असलेल्या नऊ. तेव्हा त्यांना दात होते. १९७९ च्या 'डंजन मास्टर्स गाइड'प्रमाणे अलाइनमेंट बदललं की पात्राची एक लेव्हल जायची. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत पॅलाडिन (धर्मयोद्धा) लॉफुल गुडच असायला हवा, बार्बेरियन (रानटी योद्धा) लॉफुल असून चालत नाही, आणि कितीतरी मंत्र समोरच्याचं अलाइनमेंट पाहून चालतात.

आता आपला हेर. शब्द देणारा पॅलाडिन होता असं धरा. त्याने शब्द मोडला, म्हणजे लॉफुल गेलं. गाव वाचवलं, म्हणजे गुड राहिलं? की निःशस्त्र माणसाला मारलं म्हणून तेही गेलं? नियमपुस्तकात याचं उत्तर नाही. गेम मास्टर, म्हणजे खेळवणारा, म्हणेल ते. खेळाडू म्हणतो, "माझ्या देवाला गाव महत्त्वाचं." गेम मास्टर म्हणतो, "तुझ्या देवाचं मी बघतो ना!" पुढचा अर्धा तास खेळ थांबतो. हे भांडण चौकटींच्या पाचवीलाच पुजलेलं आहे, कारण नीतीचा सगळा भार दोन शब्दांच्या लेबलवर टाकलाय आणि त्या लेबलवर पात्राची ताकद टांगलीय.

पुढे दात काढले गेले. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत नवाच्या पाच झाल्या. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत नऊ परतल्या खऱ्या, पण तिथला 'डिटेक्ट इव्हिल अँड गुड' हा मंत्र माणसाचं मन वाचत नाही, जवळपास पिशाच्च, सैतान, देवदूत वगैरे जातीचं कुणी आहे का एवढंच सांगतो. भांडणं कमी झाली, पण रकान्याचं कामही संपत आलं.

तरी चौकटी टाकाऊ नाहीत. तुमच्या जगात चांगलं आणि वाईट या खरोखरच्या शक्ती असतील, वाईट हात लागला की पेटणारी तलवार असेल, तर चौकटी हव्यातच, कारण तिथे तलवार त्या वाचते. शिवाय नवख्या खेळाडूला "केऑटिक गुड" म्हटलं की पात्र कसं वागवायचं याचा अंदाज दहा सेकंदांत येतो.

चौकटींचा मला सापडलेला सर्वांत सुंदर वापर १९९९ च्या 'प्लेनस्केप: टॉर्मेंट' या कॉम्प्युटर गेममध्ये आहे. तिथे अलाइनमेंट निवडायचंच नसतं. नायक ट्रू न्यूट्रल (दोन्ही अक्षांवर मधोमध) म्हणून सुरू होतो आणि वागण्याने सरकत जातो. संवादाच्या यादीत काही वेळा तेच वाक्य दोनदा दिसतं, एक खरं म्हणून बोलायचं आणि एक थाप म्हणून. समोरच्याला दोन्ही सारखंच ऐकू येतं, गेमला मात्र फरक कळतो. 'नरो वा कुंजरो वा' म्हणणाऱ्यांची इथे पंचाईत.

राक्षसांबद्दल जाता जाता: "ऑर्क म्हणजे इव्हिल" असं आख्ख्या जमातीच्या नावावर लिहून टाकणं आता डी अँड डीनेही सैल केलंय. २०२१ पासून तिथे अलाइनमेंटच्या आधी "सहसा" अशा अर्थाचा शब्द लागू लागला. नवा गेम रचताय, तर तो वाद अंगावर ओढून घ्यायचं काही कारण नाही.

मीटर

मीटर म्हणजे चित्रगुप्ताची वही, फक्त खेळाडूला उघडून दाखवलेली. २००३ च्या 'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक'मध्ये लाइट आणि डार्क साइड, २००७ च्या 'मास इफेक्ट'मध्ये पॅरागॉन (आदर्श नायक, रंग निळा) आणि रेनिगेड (बेदरकार, रंग लाल). कोड लिहायला सोपं, खेळाडूला समजायला सोपं, आणि पडद्यावर छान दिसतं: डार्क साइडला गेलात की चेहराच निस्तेज होतो.

पण हेर मारल्यावर काय होतं बघा. डार्कचे काही पॉइंट पडले. पुढच्या वळणावर एका म्हातारीची मदत केली, लाइटचे तेवढेच मिळाले. हिशेब मिटला. खून आणि मदत एकाच नाण्यात मोजले की ते एकमेकांना खाऊन टाकतात, आणि इथेच माझं मीटरशी बिनसतं. २००८ च्या 'फॉलआउट ३'मध्ये तहानलेल्या भिकाऱ्याला शुद्ध पाण्याच्या बाटल्या देत राहिलं की 'कर्मा' हा बरेवाईटपणाचा आकडा वाढत राहतो. पुरेशा बाटल्या असल्या की बरंच काही धुऊन निघतं.

दुसरी गोष्ट याहून वाईट. मीटरवर बक्षीस टांगलं की खेळाडू प्रसंगाकडे बघायचं सोडून रंगाकडे बघतो. २०१० च्या 'मास इफेक्ट २'मध्ये मन वळवण्याचे खास पर्याय पुरेसे पॉइंट नसतील तर निस्तेज दिसतात, निवडता येत नाहीत. आपल्याच जहाजावरच्या दोघींचं भांडण दोघींची निष्ठा राखून मिटवायचं असेल, तर आधीच्या कितीतरी तासांत एकाच रंगाला चिकटून राहिलेलं बरं. म्हणजे ज्याने प्रत्येक वेळी खरोखर विचार केला, कधी निळं कधी लाल घेतलं, त्याचीच गोची. 'मास इफेक्ट ३'मध्ये दोन्ही मिळून एक लौकिक मोजायला लागले, ही एका अर्थी दुरुस्तीच. त्या मालिकेवर काम केलेल्या एका माजी कर्मचाऱ्याने २०२० मध्ये सांगितलं होतं की सुमारे ९२ टक्के खेळाडू पॅरागॉनच खेळत. दुष्ट बाजूचं एवढं लिखाण कुणासाठी करायचं, हा प्रश्न तुमच्या बजेटचाही आहे.

मीटर घ्यायचंच असेल तर दोन नमुने बघा. एक, १९८५ चा 'अल्टिमा ४': आठ सद्गुण आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा, तोही लपवलेला. आंधळ्या दुकानदार बाईकडे पैसे तुम्हीच मोजून द्यायचे असतात. कमी दिलेत तर ती काही बोलत नाही, गेम मात्र लिहून ठेवतो. आपण कुठे आहोत हे विचारायला राजवाड्यातल्या द्रष्ट्याकडे जावं लागतं. दुसरा नमुना टेबलावरचा: १९९१ चा 'व्हॅम्पायर: द मास्करेड'. तिथला माणुसकीचा आकडा दहापासून खाली घसरत जातो, आणि जितके खाली जाल तितकी पापं कमी टोचतात. हेर मारला तर वरच्या पायरीवरच्या पात्राला फासे टाकावे लागतील, खालच्याला कदाचित नाहीच. हा आकडा बक्षीस देत नाही. माणूस किती उरलाय एवढंच सांगतो, आणि शून्यावर पात्र तुमचं राहत नाही.

स्वभावाच्या जोड्या

हा प्रकार कमी लोकांना माहीत आहे आणि मला सर्वांत आवडतो, त्यामुळे इथे थोडा रेंगाळतो. ग्रेग स्टॅफर्डच्या 'पेंड्रॅगन'मध्ये (१९८५) सरदाराच्या शीटवर, म्हणजे पात्राची माहिती लिहायच्या कागदावर, स्वभावाच्या तेरा जोड्या असतात: दयाळू-क्रूर, प्रामाणिक-कपटी, नम्र-गर्विष्ठ, शूर-भित्रा अशा. प्रत्येक जोडीची बेरीज वीस. दया १६ असेल तर क्रौर्य ४. आकडा १६ किंवा वर गेला की तो गुण प्रसिद्ध होतो, आणि मोक्याच्या वेळी गेम मास्टर वीस बाजूंचा फासा टाकायला लावू शकतो.

म्हणजे हेर समोर गुडघे टेकून बसलाय, तुम्ही म्हणता "मी मारतो", आणि गेम मास्टर म्हणतो, "दयेवर टाक." अकरा पडले. सोळाच्या आत, म्हणजे हात उचलतच नाही. अठरा पडले असते तर क्रौर्यावर टाकायचं, आणि तिथेही चुकलं तर मग निर्णय तुमचा. मारलंच, तर क्रौर्यापुढे खूण होते आणि खेळातल्या हिवाळ्यात तो आकडा वाढू शकतो. वाढला की दया तेवढीच कमी. इथे "तू चांगला की वाईट" असा वाद होतच नाही. "हा माणूस असा आहे" एवढंच ठरतं, आणि ते त्याच्या आजवरच्या वागण्यातून आलेलं असतं.

तोटाही तितकाच स्पष्ट आहे: पात्राचा लगाम अधूनमधून फाशाच्या हाती जातो. काही खेळाडूंना हे अजिबात खपत नाही. "माझं पात्र काय करणार हे फासा का ठरवणार?" असं विचारणारी मंडळी तुमच्या टेबलावर असतील, तर हा नाद सोडा.

शपथा आणि पथ्यं

'पाथफाइंडर'ची दुसरी आवृत्ती २०१९ मध्ये नऊ चौकटींसह आली आणि २०२३ च्या सुधारित पुस्तकांत त्या काढून टाकल्या. त्याजागी काय करावं आणि काय वर्ज्य, याच्या छोट्या याद्या. एखाद्या देवाच्या पुजाऱ्याला "दिलेला शब्द मोडणं वर्ज्य" असेल तर हेराचा निकाल एका ओळीत लागतो: शब्द मोडला, आता देवाची कृपा परत मिळवेपर्यंत भोगा. दुसऱ्या देवाची यादी फक्त "निरपराधांचं रक्षण करा" म्हणत असेल, तर तोच खून चालून जातो. विश्वाने कुणाला वाईट ठरवलेलं नाही, तुम्ही जे कबूल केलं होतं त्यावर बोट ठेवलंय.

टेबलावरच्या नव्या गेमला मी हेच सुचवेन. अट एकच, वर्ज्य गोष्टी आधी लिहून द्या आणि कृतीच्या भाषेत लिहा. "दुष्टपणा करू नये" हे पथ्य नव्हे, ती चौकटच झाली. 'बॉल्डर्स गेट ३'मध्ये (२०२३) चौकटी नाहीत, पण पॅलाडिनची शपथ मोडू शकते, आणि ती नेमकी कशाने मोडली हे कित्येकांना मोडल्यावरच कळतं. तिथे मोडण्यातूनच 'ओथब्रेकर' ही नवी वाट निघते म्हणून निभावतं. तुमच्याकडे अशी वाट नसेल तर तोच खेळाडू चिडेल.

माणसांची आठवण

कॉम्प्युटरवरच्या गेमसाठी माझं मत इकडे. जगाला तुमची नीती ठाऊक नसते, माणसांना तुमची कृत्यं ठाऊक असतात. 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स'मध्ये (२००९) पाप-पुण्याचं मीटर नाही. प्रत्येक सोबत्याची मर्जी उणे शंभर ते अधिक शंभर. हेर मारला की एक सोबती खवळेल, दुसरी मान डोलावेल. दोघांचंही बरोबर असू शकतं. पळवाट तिथेही आहे: भेटवस्तू देऊन राग उतरवता येतो.

गटांच्या बाबतीत २०१० च्या 'फॉलआउट: न्यू वेगास'ने फार शहाणपणा केला. प्रत्येक गटाकडे कीर्ती आणि बदनामी वेगवेगळी जमते आणि एकीने दुसरी पुसली जात नाही. दोन्ही वाढल्या तर लोक तुम्हाला भला किंवा बुरा न म्हणता भरवसा नसलेला माणूस मानतात. पाण्याच्या बाटल्यांचा इलाज इथे चालत नाही.

आणि काहीच न मोजण्याचा पर्याय? २००७ च्या 'द विचर'मध्ये एका रात्री तुम्ही बंडखोरांना माल नेऊ देता. कितीतरी तासांनी, पुढच्या प्रकरणात, तुमच्या कामाचा एक माणूस बाणाने मेलेला सापडतो. तोवर जुना सेव्ह उघडून निर्णय फिरवण्याची हिंमत कुणाची होत नाही. जबर चालतं, पण प्रत्येक फांदी हाताने लिहावी लागते. दोघातिघांच्या टीमने असे प्रसंग तीन-चार ठेवावेत, फार नाहीत, आणि बाकीच्या वेळी दोन-तीन गटांचे दुहेरी आकडे काम करू देत. हेराच्या प्रसंगासाठी लागेल ते एवढंच: 'शब्द मोडला' अशी एक खूण, आणि ती तपासणारी किमान दोन माणसं. त्यातला एक पुढचा कैदी असावा, जो तुमच्या शब्दावर विश्वास ठेवायला नकार देईल.