वस्तीतल्या अभ्यासिकेसाठी सीएसआर निधी की लोकवर्गणी?
कंपनी कायदा 2013च्या कलम 135 नुसार मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान 2 टक्के समाजकामावर खर्चावे लागतात; हाच सीएसआर निधी. रक्कम घसघशीत मिळते. पण आधी संस्थेची आयकर सवलतीसाठीची 12ए, 80जी आणि सीएसआर निधी घेण्यासाठीची सीएसआर-1 नोंदणी, मग प्रस्ताव, अहवाल, फोटो. शिवाय पैसा बहुधा ठरलेल्या प्रकल्पालाच. संगणक येतात, वीजबिल आणि शिकवणाऱ्या ताईंचं मानधन संस्थेच्याच गळ्यात.

वर्गणी तुटपुंजी, दारोदार फिरून पावत्या फाडाव्या लागतात. पण पन्नास रुपये देणारी आजी ‘पंखा का बंद आहे?’ असं हक्कानं विचारते, हे मला फार मोलाचं वाटतं. म्हणून रोजचा खर्च वर्गणीवरच चालवावा. संगणक-फर्निचरसाठी कंपनीकडे जरूर जावं, मात्र दुरुस्तीचा खर्च प्रस्तावातच मागून घ्यावा.